सोनेरी मुकुटातला ठिपका

माझ्या काचेवर दोन-तीन ओरखडे आहेत, पितळी कडं काळवंडलंय आणि लाकडी मूठ एका बाजूला अगदी गुळगुळीत झालीय, कारण एकाच माणसाचा अंगठा आयुष्यभर तिथे टेकत आला. मित्रांनो, एवढ्यावरून तुम्ही ओळखलं असेलच. हातात धरून बघायचं म्हातारं भिंग ते मीच. लहान गोष्टी मोठ्या करून दाखवणं हा माझा धंदा. त्यामुळे झालंय काय, की स्वतःला मोठ्या म्हणवणाऱ्या पुष्कळ गोष्टी मी फार जवळून पाहिल्यात, आणि त्यातल्या बऱ्याचशांबद्दल माझं मत काही चांगलं नाही. सगळ्यात वाईट मत आहे ते सोनेरी मुकुट छापलेल्या पाकिटांबद्दल. त्यांच्याकडे वळतोच, पण आधी माझं थोडं ऐका.

मी काचेच्या कारखान्यात जन्मलो. ओल्या रेतीवर मला इतकं घासलं, इतकं घासलं, की एखादा रडकुंडीला आला असता. मग तपासणीच्या बाईंनी मला खिडकीसमोर धरलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि मान डोलावली. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी.

तिथून मी एका छापखान्यात आलो. तिथे मशीन चालवणारा एक तरुण होता. हाच तो अंगठेवाला. आता त्यांना सगळे आजोबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

तुम्हाला एक गंमत सांगतो. रंगीत छापलेलं कुठलंही चित्र माझ्याखाली धरून बघा. गुलाबाचं फूल असो नाहीतर राजाचा चेहरा, आत नुसते ठिपके! निळे, गुलाबी, पिवळे, काळे. ते एकमेकांशेजारी नीट बसले की चित्र देखणं दिसतं, जरा सरकले की राजाचं भूत होतं. आजोबा मशीनवरून ताजा कागद उचलायचे, मला डोळ्याशी न्यायचे आणि ओरडायचे, "थांबवा! गुलाबी सरकलाय."

"अहो, कुणाला दिसणार आहे?" मालक वैतागायचे.

"मला दिसतंय ना!"

त्यांचा खरा वैरी मात्र निराळाच होता. छपाईच्या प्लेटवर धुळीचा कण बसला, की रंगात पांढऱ्या कड्याचा एक बारीक ठिपका उठतो. एका कागदावर उठला, की पुढच्या प्रत्येक कागदावर अगदी त्याच जागी येत राहतो. असा ठिपका दिसला की आजोबांच्या घशाखाली घास उतरत नसे. मशीन थांबवून प्लेट पुसली, की मगच जेवण. "माझा तिसरा डोळा आहे हा," असं ते मला सगळ्यांसमोर म्हणायचे. मीही फुशारून जायचो, खोटं कशाला बोलू?

पुढे छापखाना बंद पडला. आजोबांनी निरोप घेताना दुसरं काही मागितलं नाही, मला तेवढं खिशात घालून घरी आणलं. घरी मला टेबलाचा खण मिळाला. शेजार कोणाचा, तर तुटकी बटणं, संपलेले सेल आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या. तिसऱ्या डोळ्याची ही गत!

मला पुन्हा बाहेर काढलं ते आजींनी. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. सुईत दोरा ओवायला, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायला त्या मला घ्यायच्या. हळूहळू माझाही उपयोग होईना. "तुमच्या भिंगातच धुकं आलंय हो," त्या आजोबांना म्हणायच्या. धुकं माझ्यात नव्हतं, मित्रांनो. पण त्यांना ते कुणी सांगितलं नाही आणि मला सांगता येत नव्हतं.

डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आजी आणि त्यांची सून मिळून बिस्किटांच्या एका डब्यात पैसे साठवत होत्या. डबा भरत आला होता. सुनेने डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवली होती.

आणि नेमक्या त्याच दिवसांत ते पाकीट आलं.

काय तो त्याचा थाट! वर सोनेरी मुकुट, खाली लाल मोहोर, आजोबांचं नाव ठळक अक्षरांत. "अभिनंदन! अख्ख्या देशातून आपण एकटेच विजेते ठरला आहात." मी आजवर चोपड्या पाहिल्यात, बिलं पाहिलीत, औषधांच्या जाहिराती पाहिल्यात, पण इतकं लाळघोटं पत्र पाहिलं नव्हतं. दर ओळीत आजोबांना मान्यवर म्हणत होतं आणि दर दुसऱ्या ओळीत घाई करत होतं. बक्षीस मिळवण्यासाठी थोडं शुल्क पाठवा, आठवड्याच्या आत पाठवा, नोटा काळ्या कागदात गुंडाळून पाठवा, आणि बक्षीस हातात पडेपर्यंत कुणाजवळही बोलू नका. पत्ता विचाराल तर ना गल्ली, ना घर, टपालखात्यातल्या एका पेटीचा नुसता क्रमांक. मोठं बक्षीस वाटणाऱ्यांना बसायला एक खुर्चीसुद्धा नसावी!

आजोबांनी मला उचललं. मला वाटलं, चला, आता या पाकिटाची खैर नाही.

पण झालं भलतंच. आजोबा मुकुटावरून मला सावकाश फिरवत राहिले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. "काय छपाई आहे! वर्ख बघ, कडा बघ कशी धारदार बसलीय," ते आजींना म्हणाले.

"मला काय दिसणार, कपाळ? पण अहो, लॉटरीचं तिकीट कधी काढलंत तुम्ही?"

"तिकीट लागतच नाही. लोकांच्या नावपत्त्यांच्या यादीतून निवडतात. लिहिलंय तसं."

"आणि चांगलं छापलंय म्हणून खरं?"

"अगं, वर्खाला खर्च येतो. खोटं बोलायला कुणी इतका खर्च करतं होय? आमच्याकडे लबाड गिऱ्हाईक यायचं ते कायम स्वस्तातला कागद मागायचं."

बघा मित्रांनो, आयुष्यभर छपाईवर जीव लावलेला माणूस चांगल्या छपाईवरच भाळला. लोणकढी थाप सुंदर कागदावर छापता येते, हे छापखान्यात केस पांढरे केलेल्या माणसाच्या ध्यानात येऊ नये!

मी आपल्या परीने दाखवायचं ते दाखवत होतो. पत्राखाली कुणा मोठ्या साहेबाची निळी सही होती. पेनने केलेली सही माझ्याखाली धरली तर शाई कागदाच्या धाग्यांत पसरलेली दिसते. या सहीत नुसते ठिपके! आजोबांनाही ते दिसलं. "मोठा माणूस आहे, सही छापून घेत असेल," ते पुटपुटले. मुकुटाच्या मधल्या टोकावर तर पांढऱ्या कड्याचा एक बारीक ठिपका होता, तोच जुना वैरी. आजोबा तिथे क्षणभर थबकले. मग मला बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "एवढ्या मोठ्या कामात एखादा राहतो."

"कुणाला बोलायचं नाही हं. सुनेलाही नाही," त्यांनी आजींना बजावलं.

"मी कुणाला बोलणार? समोर माणूस आहे की खांब, तेच मला कळत नाही."

आजोबांनी ते शुल्क पाठवलं. बक्षीस आलं नाही, पाकिटं मात्र आली. हिरवी मोहोर, गरुडाचं चित्र, चांदीच्या कडा. एका ठिकाणी माणूस फसतोय म्हटल्यावर सगळ्या भामट्यांना त्याचा पत्ता कळतो. उकिरड्यावरच्या माश्याही एकमेकींना इतक्या तत्परतेने निरोप देत नसतील. सून म्हणायची, "बाबा, हल्ली टपालवाल्याची फारच वाट बघता?" आजोबा म्हणायचे, "पाय मोकळे करतो गं जिन्यात."

मग मुकुटवाल्यांचं दुसरं पत्र आलं. बक्षीस तयार आहे, फक्त त्यावरचा कर आधी भरा. कर किती, तर डबा रिकामा होईल इतका.

"दोन्ही डोळे एकदम करू," आजोबा आजींना म्हणाले. "मोठ्या दवाखान्यात. डब्यातले पैसे चार दिवसांपुरते जातील, एवढंच."

 आजी चाचपडत उठल्या, डबा आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "तुमचे डोळे तर चांगले आहेत ना? तुम्ही नीट बघितलंय म्हणजे खरंच असेल."

मित्रांनो, मी काच आहे, मला तडा जायला हरकत नव्हती. पण गेला नाही.

त्याच दुपारी शेजारच्या शिलाईकाकू मला मागायला आल्या. काकू कपडे शिवायच्या आणि पाय दुखेपर्यंत जुनं मशीन चालवायच्या. "जरा बारीक वाचायचंय," एवढंच म्हणाल्या. घरी जाऊन त्यांनी दाराला कडी घातली, मशीनच्या झाकणाखालून एक पाकीट काढलं आणि मला त्यावर धरलं. सोनेरी मुकुट! मधल्या टोकावर, केसभरही न सरकता, तोच पांढऱ्या कड्याचा ठिपका!

"एकटेच विजेते," काकू स्वतःशीच वाचत होत्या. "आता विजेवरचं मशीन घेईन. पायांना जरा सुट्टी."

बोलता येत नाही याचं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं. दोन घरांमध्ये एक भिंत, दोन्हीकडे तेच पत्र, आणि दोन्हीकडे कडी लावलेली. "कुणाजवळ बोलू नका" हे त्या पत्रात का असतं, ते मला तेव्हा उमगलं. चोर आधी दिवा मालवतो, तसलाच हा प्रकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू मला परत द्यायला आल्या. आजोबा दारातच चपला घालत होते. हातातल्या पिशवीत काळ्या कागदात गुंडाळलेल्या नोटा होत्या. काकू मला ठेवून आत आजींजवळ टेकल्या, त्या उठायचं नाव घेईनात.

"काय गं? काही हवंय का?" आजींनी विचारलं.

"आजी, पोटात राहत नाही हो माझ्या. तुम्हाला म्हणून सांगते. मला बक्षीस लागलंय!"

"अगं बाई! तुलाही?"

"तुलाही म्हणजे?"

"यांनाही लागलंय. मुकुटवालं."

"माझंही मुकुटवालंच."

"बरं झालं बाई, दोन घरांचं एकदम भलं झालं!" आजींनी काकूंचा हात धरला.

पण काकूंचा चेहरा पडला. "असं कसं? माझ्या पत्रात तर लिहिलंय, अख्ख्या देशात मी एकटीच. आजोबांचं काहीतरी चुकलं असणार. माझ्या पत्रावर माझं नाव टाइप केलेलं आहे."

दारात आजोबांचा एक पाय चपलेत आणि एक बाहेर, तसाच राहिला होता. "माझ्या पत्रावर माझंही आहे," ते हळूच म्हणाले. "काकू, तुमचं पत्र आणता जरा?"

दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी ठेवली. आजोबांनी मला उचललं. त्यांचा अंगठा मुठीवर आपल्या जागी बसला, आणि मला कळलं की आज छपाईचं कौतुक होणार नाही. ते या मुकुटावर गेले, त्या मुकुटावर गेले, पुन्हा या मुकुटावर आले. 

"प्लेट एकच आहे," आजोबा म्हणाले.

"म्हणजे काय हो?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे हे पत्र नाही. हँडबिल आहे! रस्त्यावर वाटतात ना, तसलं. पोती भरून छापलंय आणि वरती नावं ठोकलीत." त्यांचा आवाज चढत गेला. "आणि तेसुद्धा प्लेट न पुसता! लोकांना लुबाडायला निघाले, पण फडकं मारायची अक्कल नाही! यांना तर मी आमच्या छापखान्यात शाईच्या डब्यांची झाकणंसुद्धा पुसू दिली नसती!"

 मग ते खाली बसले.

"पहिल्याच दिवशी दिसला होता मला हा ठिपका," ते आजींना म्हणाले.

"छापखान्यात असतात तर मशीन थांबवलं असतंत," आजी म्हणाल्या.

"हो. आत्ता थांबवतो." आजोबांनी पिशवीतला काळा कागद फाडला, नोटा डब्यात घातल्या आणि झाकण दाबून लावलं. काकूंनी अजून काहीच पाठवलं नव्हतं. त्या आधी रडल्या, मग हसल्या, मग आपल्या पत्राचे उभे तुकडे करू लागल्या. आजोबांनी त्यांचा हात धरला. "फाडू नका, पुरावा आहे तो!"

संध्याकाळी सुनेला सगळं सांगितलं. ती चिडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, मला का नाही बोललात?"

"लिहिलं होतं, कुणाला सांगू नका."

"आनंदाची बातमी घरात सांगू नका, असं कोणतं भलं माणूस लिहील हो?"

 दुसऱ्या दिवशी आजोबा सुनेबरोबर टपालकचेरीत आणि पोलिसांकडे गेले. मला खिशात नेलं होतं. मुकुटवाल्या साऱ्या पत्रांवरचा तोच ठिपका त्यांनी तिथल्या साहेबांना एकेक करून दाखवला. आधी पाठवलेलं शुल्क मात्र परत आलं नाही. तसलं परत येत नसतं.

आजींचं ऑपरेशन ठरल्या वेळी झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी मला हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, "इतके ओरखडे? हे बिचारं म्हातारं झालंय की!" मग पदराने मला पुसलं आणि खणात ठेवलं. आता त्यांना माझी गरज पडत नाही. त्याचं थोडं वाईट वाटतं, मित्रांनो, पण असं वाईट वाटणं मला चालतं.

मुकुट अजून अधूनमधून येतात. निलाजरेच ते, आल्याशिवाय राहणार कसे! परवा तर एक पाकीट खुद्द आजींच्या नावाने आलं. आजींनी ते खिडकीशी नेलं आणि मागच्या बाजूची मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, मला न घेता, मोठ्याने वाचली, "बक्षीस मिळेलच अशी आमची हमी नाही." आणि त्या इतक्या हसल्या, की काकू काय झालं म्हणून पलीकडून धावत आल्या.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस टपालाची वाट बघत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि आलेलं पाकीट दोघांनी मिळून उघडा. न काढलेल्या तिकिटाला बक्षीस लागत नाही, आणि खरं बक्षीस देणारा आधी तुमच्याकडेच पैसे मागत नाही. हे कळायला भिंग लागत नाही, शेजारी बसलेलं आपलं एक माणूस पुरतं. आणि खणात माझ्यासारखं कुणी पडून असेल, तर त्याची काच कधीतरी पुसत जा.

आजींचं ते पत्र? ते टेबलावर पसरलेलं आहे. आजी आणि काकू त्यावर मटार सोलत बसल्या आहेत. सोनेरी मुकुट सालींखाली गेलाय, आणि खरं सांगू, एवढा शोभून तो आजवर कधी दिसला नव्हता.