एकोणीस ठिपके

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळात कोण किती राबलं हे मला विचारा. स्वयंसेवकांच्या तासांची वही सोळा वर्षं माझ्याकडे आहे. कोणाच्या मुलाने पुरणपोळीचे दोन ट्रे उचलले आणि कॉलेजच्या अर्जासाठी चाळीस तास लिहून मागितले, खुर्च्या मांडायच्या वेळी कोण नेमका पार्किंग शोधत असतो, ग्रुप फोटोच्या वेळी कोण कुठून उगवतो, सगळं मला पाठ. मी बोलत नाही, लिहून ठेवते.

अस्मिता सांगलीची. इथल्या विद्यापीठात कलेच्या इतिहासात पीएचडी करते. पहिल्यांदा मंडळात आली तेव्हा तिघांनी विचारलं, त्यात जॉब लागतो का गं? चौथे आमचे अध्यक्ष उल्हास कारखानीस. त्यांनी विचारलं, "म्हणजे तुला पडदे रंगवता येतात?"

येत होते. गेल्या वर्षीच्या नाटकाचा सेट तिने एकटीने रंगवला, माझ्या गराजमध्ये, नऊ आठवडे. गाड्या बाहेर, पडदा आत. वहीत नोंद आहे: दोनशे बारा तास. उल्हासची मुलगी आन्या त्या काळात दोनदा आली. एकदा बबल टी घेऊन, एकदा हातात ब्रश धरून फोटो काढायला.

स्मरणिका छापून आली. नेपथ्य: आन्या उल्हास कारखानीस.

आन्याच्या कॉलेजच्या फॉर्मवर सेट डिझायनर म्हणून एकशे चाळीस तास लागले आणि त्याखाली सही आहे माझी. का केली? माझ्या नवऱ्याची, विनयची बायपास झाली तेव्हा उल्हासच्या बायकोने अकरा दिवस डबे पाठवले होते. उल्हास माझ्या किचनमध्ये उभा राहून म्हणाला, "वहिनी, मुलीच्या फ्युचरचा प्रश्न आहे." डबे त्याने काढले नाहीत. काढायची गरजच नव्हती.

अस्मिताने स्मरणिका पाहिली, तिची व्यवस्थित घडी घातली आणि बॅगेत ठेवली. आरडाओरडा करणाऱ्यांची मला काळजी वाटत नाही, ते दोन दिवसांत विसरतात. घडी घालणारी माणसं वेगळी.

या वर्षी मंडळाला पंचवीस वर्षं झाली. पाडव्याचा कार्यक्रम मोठा करायचा ठरला. फेब्रुवारीत उल्हास फोन नाचवत गराजमध्ये आला. फोनवर एक जुनं चित्र होतं: पांढऱ्या खांबांचं मोठं घर, ओकची झाडं, मागे नदी, पुढे हिरवंगार शेत.

"आपली थीम आहे 'घर'," तो म्हणाला. "तिथलं घर, इथलं घर. पडदा बावीस फूट बाय बारा. किती शांत वाटतंय बघ. अगदी कोकण."

अस्मिताने फोन हातात घेतला आणि चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं.

"फक्त एक कर," उल्हास म्हणाला. "शेतात ते काळे काळे ठिपके आहेत ना, ते नको. स्टेजवर मळ लागल्यासारखं दिसेल."

"काका, ती माणसं आहेत."

"असतील गं. पण आपल्याला सीनरी हवीय."

ती आणखी काही बोलणार होती. तोंड उघडलंही होतं. पण तिने वेगळंच विचारलं. "नाव कोणाचं लावायचं?"

"आन्याचंच लाव ना यार. ती वेटलिस्टवर आहे, एप्रिलमध्ये कॉलेजला अपडेट पाठवायचंय. पेपरवाला पण येतोय. तुला काय, तुझी तर पीएचडी चालूच आहे."

तो गेला. अस्मिता रंगाच्या डब्यावर बसली.

"काकू, हे चित्र माझ्या थिसिसच्या तिसऱ्या प्रकरणात आहे," ती म्हणाली. "इथून चाळीस मैलांवरची कापसाची इस्टेट. मालकाने चित्रकार बोलावून काढून घेतलं. असे मालक सांगायचे, घर मोठं दिसू दे, गुलामांच्या झोपड्या झाडांमागे घाल. चित्राला नाव मालकाच्या घराचं. ज्यांनी ते घर बांधलं ते शेतात, एवढे एवढे. मी मोजलेत. एकोणीस."

"मग सांगितलं का नाहीस त्याला?"

"तुम्ही का नाही सांगितलं, सही करताना?"

लागलं मला. पण बरोबर जागी लागलं, म्हणून रागावले नाही.

दुसऱ्या दिवशी ती एक बेत घेऊन आली. एकोणीस ठिपके मोठे करायचे आणि त्यांना मंडळात राबणाऱ्यांचे चेहरे द्यायचे. स्वतःचा सगळ्यात पुढे.

"हे करायचं नाही," मी म्हणाले. "तुझं नाव गेलं. त्यांचं आयुष्य गेलं, पोरंबाळं विकली गेली. दोन्ही एका पानावर मांडायचं नाही. मला वही लिहायची सवय आहे, मला कळतं."

तिला पटलं. बराच वेळ ब्रश धूत बसली. मग म्हणाली, "ठीक आहे काकू. मग उल्हासकाका म्हणतात तसंच करते. अगदी तसंच. ठिपके नाहीत. आणि खाली सही आन्याची, शेवटच्या रांगेतून वाचता येईल अशी."

या पोरीला मी साधी समजत होते.

आता माझ्या खात्यातलं लिहिते. त्याच आठवड्यात कमिटीत प्रमुख पाहुणा कोण यावर चर्चा झाली. मी नाव सुचवलं: डेलोरिस अपचर्च. निवृत्त मुख्याध्यापिका, कृष्णवर्णीय, गावात मोठा मान. उल्हास खूश. "वा वहिनी! डायव्हर्सिटी पण होईल." मला एक गोष्ट माहीत होती, ती मी कमिटीला सांगितली नाही. लायब्ररीत एकदा बाईंनी मला सांगितलं होतं की त्या सव्वीस वर्षं चौथीच्या मुलांना सहलीला त्या इस्टेटीवर नेत असत. त्यांची पणजी तिथलीच.

अस्मिताला मात्र मी हे सांगितलं. ती हसली. त्या दिवसापासून आम्ही दोघी गराजमध्ये जरा जास्तच मन लावून काम करू लागलो. मी चहा करत होते, ती पानं रंगवत होती. ओकचं प्रत्येक पान वेगळं. शेत नुसतं हिरवं, इतकं स्वच्छ की बघवेना.

पाडव्याचा कार्यक्रम हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये, दुपारी तीनला. चारशे माणसं. दर्शनी पडदा वर गेला, मागचं चित्र दिसलं आणि टाळ्या थांबेनात. कोणीतरी मागून "कोकण!" म्हणून ओरडलंसुद्धा. उल्हासने सोनेरी फेट्यासकट माईक घेतला आणि आन्याला स्टेजवर बोलावलं. "धिस एंटायर पेंटिंग," तो म्हणाला, "माझ्या मुलीने एकटीने केलंय." पेपरवाल्याने फोटो काढला. आन्या पैठणीत अवघडून उभी होती.

अपचर्चबाई खुर्चीतून उठल्या. प्रेक्षकांकडे पाठ करून पडद्यासमोर उभ्या राहिल्या. लोकांना वाटलं कौतुक चाललंय. मला त्यांचा उजवा हात दिसत होता. तर्जनी हवेत थोडी थोडी पुढे सरकत होती. कोऱ्या शेतावरून, इकडून तिकडे. मग थांबली.

त्या वळल्या आणि माईकवर अगदी प्रेमाने, इंग्रजीत म्हणाल्या, "बाळा, हे घर मी ओळखते. हे चित्र तिथल्या जिन्यात टांगलंय. मी दर वर्षी मुलांना त्याच्यासमोर उभं करून शेतातली माणसं मोजायला लावायचे. एकोणीस भरतात. तू झाडाचं एकेक पान रंगवलंयस. माणसं कुठे गेली?"

आन्याने बापाकडे पाहिलं.

"आर्टिस्टिक लिबर्टी, मॅडम!" उल्हास पुढे सरसावला. "शी इज व्हेरी क्रिएटिव्ह..."

"मी हिला विचारलं," बाई म्हणाल्या.

आन्याने वळून पडद्याकडे पाहिलं. सतरा वर्षांची मुलगी, खाली तिच्याच नावाची दीड फुटाची सही. शेवटी तिने माईक दोन्ही हातांनी धरला. "आय डिडन्ट पेंट इट," ती म्हणाली. "एनी ऑफ इट. लास्ट इयर पण नाही. अस्मितादीदीने केलं सगळं. आय डोन्ट इव्हन नो व्हॉट धिस हाउस इज."

विंगेतून लेझीम घेतलेली पोरं डोकावून बघू लागली. उल्हासचा फेटा एका कानावर आला होता. खोटं कशाला सांगू, मला गार वाटलं. माझ्या शेजारच्या बाई पुटपुटल्या, "अरेरे." मी पण म्हटलं, "अरेरे."

अस्मिता तिसऱ्या रांगेतून उठली. त्या दिवशी साडी नेसून आली होती, का ते मला तेव्हा कळलं. ती स्टेजवर गेली, माईक घेतला आणि बाईंना कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाली, "हे मी रंगवलंय. गेल्या वर्षीचंही. माझं नाव अस्मिता शिरगुप्पे." तीन वर्षांत पहिल्यांदा त्या स्पीकरमधून तिचं आडनाव ऐकू आलं. टाळ्या सुरू झाल्या, मागून पुढे येत गेल्या.

अपचर्चबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. आवाज ओसरेपर्यंत थांबल्या.

"म्हणजे माणसं तू पुसलीस," त्या म्हणाल्या.

"मला तसं सांगितलं होतं."

"ज्याने मूळ चित्र काढलं त्यालाही सांगितलं होतं. झोपड्या झाडांमागे घाल. त्याने घातल्या. माणसं त्याने ठेवली तरी, कापूस कोणीतरी वेचायला हवा म्हणून का होईना. तुला माहीत होतं ती किती होती?"

"एकोणीस."

"माहीत होतं, आणि तरी पुसलीस. का?"

अस्मिताने उल्हासकडे बोट दाखवलं नाही, एवढं मी तिच्या बाजूने लिहीन. "यांना उघडं पाडायचं होतं," ती म्हणाली.

"पाडलंस," बाई म्हणाल्या. "त्यासाठी आमची माणसं खर्च केलीस. आणि ही मुलगी. आणि मी." त्यांनी सभागृहावर नजर फिरवली. "मला बोलवायचं कोणी सुचवलं?"

उल्हासला त्या दुपारी आनंदाचा तेवढाच एक क्षण मिळाला. "उत्तरावहिनींनी!" तो ओरडला, हात लांब करून. "त्या बघा, त्या निळ्या साडीतल्या!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. लायब्ररीत त्यांच्याशी हसत गप्पा मारणारी मी. ओळखलं त्यांनी. मान हलवली, रागाने नाही, एखाद्या मुलाने गृहपाठ कॉपी केलेला सापडावा तशी. मग पर्स उचलली आणि बाजूच्या दाराने निघून गेल्या. मी मागे धावले नाही.

पुढचं सांगते. उल्हासने तब्येतीचं कारण देऊन राजीनामा दिला. तब्येत ठणठणीत आहे, जिममध्ये दिसतो. मी आन्याच्या शाळेला पत्र पाठवलं: सही माझी, तास खोटे, खरे दोन. लोक म्हणाले, उत्तराकाकूंनी सूड घेतला. घेतला असेल. खरा आकडा लिहिला की तो सुडासारखाच दिसतो. माझ्या स्वतःच्या नावासमोरही एक ओळ लिहिलीय वहीत, ती कोणी वाचायला मागितलेली नाही. वही आता दुसऱ्या कोणाकडे द्यायची आहे.

अस्मिता अपचर्चबाईंच्या दारात तीनदा जाऊन आली. दोनदा त्यांनी दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा उघडलं आणि एक झेरॉक्स हातात दिली: इस्टेटीच्या मालमत्तेची जुनी यादी. खेचरं, नांगर आणि त्याच रांगेत माणसं. "आधी ही नावं पाठ कर," त्या म्हणाल्या. "मग ब्रश उचल. माफी वगैरे मला नको."

तिने पाठ केली. आता ती दर शनिवारी येते. पडदा माझ्या गराजमध्ये आहे, गाड्या पुन्हा बाहेर. माणसं ती ठिपक्याएवढी काढत नाही. पुढच्या माणसाची उंची माझ्या खांद्याला लागते. आन्याची सही तिने पुसली, स्वतःची घातली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "काकू, अजून नाही."

परवा उल्हासचा फोन आला.

"वहिनी, तो कॅनव्हास मंडळाच्या मालकीचा आहे. नव्या कमिटीला सांगून तो फेकून द्यायचाय मला. नसता ताप."

"द्या की," मी म्हणाले. "पण आता नाही. आत्तापर्यंत अकराच झालेत. आठ जण यायचेत अजून."

"आठ जण? कोण आठ जण?"

"ज्यांना तुम्ही मळ म्हणाला होतात ते," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.