स्क्रूवरचा डाख

माणिकपूरच्या सुधाकर तावड्यांच्या फ्लॅटमध्ये कर्ण्याचे अकरा जुने ग्रामोफोन होते आणि सोफा एकच. बायको सुनंदा म्हणायची, "पाहुणे आले की त्यांना कर्ण्यात बसवा!" सुधाकर हसायचा आणि बाराव्याच्या शोधात निघायचा.

पण ते दुरुस्त करण्याची विद्या काही त्याने आपली आपण मिळवली नव्हती. नंदाखाल गावचे प्लासिडकाका लग्नाच्या बँडवाल्यांचे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन दुरुस्त करायचे. कर्ण्याला पडलेला पोचा आतून लाकडी गोळा फिरवून कसा काढायचा, स्प्रिंगचा डबा हात न कापता कसा उघडायचा, हे सगळं त्यांनी सुधाकरला हाताला धरून शिकवलं. आभार मानायला जावं तर म्हणायचे, "जा रे, केळी घेऊन जा." आता काका चौऱ्याऐंशीचे झाले, नजर गेली आणि त्यांचा स्वतःचा ग्रामोफोन मुका पडला. सुधाकरला ते फार लागायचं.

म्हणून काकांच्या लग्नाच्या साठाव्या वाढदिवसाआधी तो ग्रामोफोन त्याने घरी आणला. तोंडाने नाही तर नाही, हाताने तरी आभार मानायचे! तीन आठवडे तो खपला. गुळासारखं घट्ट झालेलं ग्रीस रॉकेलने काढलं, स्प्रिंग बदलली. तबकडीचा वेग ठरवणाऱ्या स्क्रूवर कुणीतरी शिशाचा डाख मारून तो पक्का करून टाकला होता. "कोण हा महाभाग!" म्हणत सुधाकरने तो खरवडून काढला. मग तबकडीवर कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला बरोबर अठ्ठ्याहत्तर, हवे तेवढेच! स्वारी खूश.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून काका-काकी आपल्या घरी आले तेव्हा ग्रामोफोन त्यांच्या ओट्यावर मांडून तयार होता. लग्नाच्या मांडवात याच ग्रामोफोनवर लावलेल्या ज्या गाण्यावर दोघं पहिल्यांदा नाचली, त्याच गाण्याची तबकडी सुधाकरने लावली. पॉलिनकाकींचा डावा पाय लहानपणीच्या तापापासून अधू. तरी त्या हौसेने उठल्या, दोन पावलं टाकली आणि पुन्हा खुर्चीत बसल्या.

"छान वाजतोय," काका म्हणाले. "मेहनत घेतलीस हो." शेजाऱ्याच्या पोराचे मार्क ऐकून म्हणावं तसं म्हणाले. सुधाकर हिरमुसला. एवढी धडपड केली, ती काकांपर्यंत पोचलीच नाही!

"काय चुकलं, काकी?"

"हे पळतंय रे. आमची बाई निवांत गायची. हिला जणू गाडी पकडायची आहे."

"अहो काकी, हाच खरा वेग! तो स्क्रू कुणा गाढवाने डाख मारून हळू करून ठेवला होता!"

मग काका खाकरले.

"तो गाढव मीच."

सुधाकरचे कान तापले. काका खालच्या आवाजात म्हणाले, "एवढ्या घाईत हिचं पाऊल पडलं नसतं रे. लग्नाच्या आदल्या दिवशी वेग उतरवला. पुढे कुणी हात लावू नये म्हणून डाख मारला. हिला सांगितलं नाही. वाईट वाटलं असतं."

सुधाकरने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचा नाद सोडला. एक पीळ, मग अर्धा. गाणाऱ्या बाईचा आवाज पडसं झाल्यासारखा जड झाला. "हां, ही आमची!" म्हणून काकींनी टाळी वाजवली. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"मला लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "राजोडीला बहिणीकडे हीच तबकडी लागली होती. धावत होती नुसती."

"आणि साठ वर्षं गप्प बसलीस?"

"बोलले असते तर तुम्ही लाजून डाख काढून टाकला असता." काकी खुर्चीचा हात धरून उठल्या. "आज या सुधाकरनेच काढला, बरं झालं. मला एकदा म्हणायचंच होतं. फार जपलंत हो मला."

चाचपडत काका काकींच्या डाव्या बाजूला आले, त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला, आणि सुधाकरला म्हणाले, "पहिल्यापासून लाव रे."