लमानाईला आई रागावल्या

नवरा यतीन वारल्यानंतर रेणू आणि तिच्या सासूबाई सरलाताई अमेरिकेतल्या कॅरी गावच्या घरात दोघीच उरल्या. रेणूचा मुलगा सिद्धेश दूर ॲन आर्बरला शिकत होता, सुट्टीत यायचा. नागपूरहून दिराचा फोन आला होता, "वहिनी, आईला इकडे पाठवून द्या, तुम्हाला उगीच अडकल्यासारखं होईल." रेणू सासूबाईंना आईच म्हणायची; तिने त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुला जड होत नसेल तर राहते." रेणू म्हणाली, "जड कसलं?" विषय तिथेच संपला.

पण त्या दिवसापासून आई त्या घरात पाहुण्यासारख्या वागू लागल्या. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलायच्या नाहीत. रेणू ऑफिसमधून उशिरा आली तर "दमली असशील" एवढंच. पूर्वी याच बाईने रेणूच्या पोळ्यांना नावं ठेवली होती, लग्नातल्या साडीवरून तीन दिवस अबोला धरला होता. आता दोघी एकमेकींशी इतक्या जपून बोलायच्या, की घरात कुणीतरी सतत आजारी आहे असं वाटायचं.

शेवटी सिद्धेशच म्हणाला, "मॉम, यू टू नीड टु गो समव्हेअर. सीरियसली." त्यानेच जवळच्या रॅले शहरातल्या एका टूर कंपनीची मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाची ट्रिप शोधली. माया लोकांची जुनी शहरं, नदी, जंगल. आई म्हणाल्या, "मी कशाला? तू जा." रेणूने तोवर दोन तिकिटं काढलेली होती.

ग्रुपमध्ये चौदा माणसं होती. मराठी बोलणारं आणखी कुणी नव्हतं. आईंना टीव्हीवरचं इंग्रजी बरंचसं समजायचं, पण बोलायची वेळ आली की त्या नुसतं हसायच्या. बसमध्ये त्यांच्या शेजारी डॉना नावाच्या बाई बसायच्या. सत्तरीच्या, उंच, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. कॅरीजवळच्या ॲपेक्समध्ये शाळेची बस चालवून रिटायर झालेल्या. त्या आईंना संत्र्याच्या फोडी द्यायच्या, आई त्यांना चिवडा द्यायच्या. चिवडा पहिल्यांदा खाऊन डॉनाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी पुन्हा हात पुढे केला.

तिसऱ्या दिवशी सगळे बोटीने लमानाई या जुन्या माया शहराला निघाले. नदी कधी रुंद, कधी इतकी अरुंद की दोन्ही बाजूंची झाडं बोटीवर वाकलेली. पाणी चहाच्या रंगाचं. कमळाच्या पानांवरून लांब बोटांचे पक्षी चालत होते. गाईड रूबेन बोट थांबवून फांदीवर ओळीने चिकटलेली चिमुकली वटवाघळं दाखवत होता. लमानाई म्हणजे पाण्यात बुडालेली मगर, असं त्याने सांगितलं, तेव्हा आईंनी पाण्याजवळचा हात पटकन आत घेतला.

जंगलात शिरल्यावर वरून एकदम गर्जना ऐकू आली. आईंनी रेणूचा दंड घट्ट धरला.

"वाघ आहे का गं?"

"माकडं आहेत आई. रूबेन म्हणतो, आवाजच तेवढा मोठा, काही करत नाहीत."

झाडं बाजूला झाली आणि समोर माया लोकांचं उंच देऊळ उभं राहिलं. दगडाचे टप्पे, वर आकाश. मागच्या बाजूने लाकडी जिना होता. आई खाली डॉनाबरोबर सावलीत बसल्या, रेणू वर गेली. वरून जंगल सगळीकडे सारखंच पसरलेलं दिसत होतं, मध्ये नदीचं रुंद पाणी चमकत होतं. कितीतरी दिवसांनी रेणूला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. हे आईंना कधी एकदा सांगते असं तिला झालं आणि ती भराभर उतरू लागली. शेवटच्या काही पायऱ्यांवर ओल होती. पाय सटकला, घोटा वळला आणि ती खाली आपटली. काहीतरी मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला.

लोक धावत आले. रूबेनने कुणाला पायाला हात लावू दिला नाही. डॉनाने आपला ओढणीसारखा लांब स्कार्फ काढून त्याची घडी पायाखाली ठेवली. आणि सगळ्यांना बाजूला सारत आई आल्या.

"काहून धावत होती तू?" त्या ओरडल्या. "पाय कुठं पडते ते पाहाव लागते का नाही? लहान आहेस का आता? तिथं काय गाडी सुटत होती तुझी?"

रागावल्या की आईंचं नागपुरी बाहेर यायचं. रेणू सांगलीची, लग्नानंतर पहिल्यांदा हे बोलणं ऐकून ती घाबरली होती. आता मातीत पडल्या पडल्या तिला रडू फुटलं.

"फार दुखतंय का?" आईंचा आवाज एकदम उतरला.

"दुखतंय," रेणू म्हणाली. "पण तुम्ही रागवा आई. थांबू नका."

 आई खाली बसल्या, पदराने तिच्या कपाळावरची माती पुसली आणि खरंच पुन्हा रागावू लागल्या. बूट असले कसले घातलेस, पाणी का प्यायली नाहीस, सकाळी नीट खाल्लं नाहीस. चार माणसांनी रेणूला ताडपत्रीवर उचलून बोटीपर्यंत नेलं, तोवर त्यांचं चालूच होतं. एक शब्दही न समजणारी ती माणसं मध्येच "येस मॅम" म्हणत होती. बोटीत आईंनी रेणूचा पाय त्या स्कार्फसकट मांडीवर घेतला. बोट उसळली की त्या बोट चालवणाऱ्याकडे डोळे वटारून बघायच्या. तो वेग कमी करायचा.

गावातल्या हॉस्पिटलात एक्स-रे झाला. हाड मोडलं होतं, पण जागचं हललं नव्हतं. प्लास्टर पुरेसं होतं. "तुमची आई फार काळजी करते," नर्स हसून म्हणाली. सासूबाई आहेत हे सांगायचं रेणूच्या मनातही आलं नाही.

ग्रुप उतरला होता त्या लॉजवर परतल्यावर सिद्धेशचा व्हिडिओ कॉल आला. "आजी, शुड आय कम?"

"नको रे राजा," आई म्हणाल्या. "मी आहे ना इथं."

दुसऱ्या दिवशी ग्रुप 'आल्टुन हा' नावाच्या दुसऱ्या जुन्या शहरात जाणार होता. रेणूला लॉजवरच राहणं भाग होतं.

"तुम्ही जा आई."

"वेडी आहेस का? तुला टाकून? आणि मला कुणाशी बोलता येतं तिथं?"

"डॉना आहेत. लॉजवाल्या बाई माझ्याकडे बघतील. तुम्ही बघून या, मला सांगा. नाहीतर मला कसं कळणार तिथे काय आहे?"

आई बराच वेळ नाही म्हणत होत्या. मग दारात डॉना आल्या. त्यांनी आपली एक जास्तीची गोल टोपी आईंच्या डोक्यावर ठेवली आणि हात पुढे केला. आई गेल्या.

रेणू दिवसभर व्हरांड्यात पाय वर करून पडून होती. समोर पपईची झाडं, मागे नदी. लॉजवाल्या बाईंनी भात, राजमा आणि रश्श्यातलं चिकन आणून दिलं, पाठीला उशी लावून दिली. कालपासून आपल्याला किती अनोळखी हातांनी उचललं, धरलं, भरवलं, हे तिला एकेक आठवत होतं. यतीन गेल्यापासून तिने कुणालाच आपल्यासाठी काही करू दिलं नव्हतं. आता इलाज नव्हता, आणि बरं वाटत होतं.

ऊन उतरता उतरता बस आली. आई टोपी घालूनच उतरल्या. गाल लाल झाले होते. व्हरांड्यात येऊन खुर्चीत बसल्या आणि बोलायलाच लागल्या.

"चढले बरं का मी! डॉनाचा हात धरून, बसत बसत, पण अगदी वरपर्यंत. तिथे त्या लोकांना हिरव्या दगडाचं सूर्यदेवाचं डोकं सापडलं होतं म्हणे. रूबेनने खुणा करून करून सांगितलं. वर काय वारा होता गं! डॉनाने तिच्या नवऱ्याचा फोटो दाखवला. तोही गेला मागल्या वर्षी. मग मी यतीनचा दाखवला. आणि मग मी तिला सगळं सांगितलं. त्याच्या जन्मापासून. मराठीतच."

"मराठीत? त्यांना काय कळलं?"

"काहीच नाही. म्हणून तर सांगता आलं. ती मान हलवत होती, मी बोलत होते. तुझ्यापुढे त्याचं नाव काढलं की तुला त्रास होईल, म्हणून मी दोन वर्षं..." 

"मलाही तसंच वाटायचं, तुम्हाला त्रास होईल म्हणून," रेणू म्हणाली. मग तिने विचारलं, "मला सांगाल? त्यांना काय सांगितलंत ते?"

"तुला ठाऊकच असेल सगळं."

"नसेल."

आईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "चौथीत होता. शाळेची सहल रामटेकला गेली. हा देवळामागे झोपून गेला आणि बस निघून आली त्याला सोडून. आमचा जीव उडाला. बाबा स्कूटर घेऊन गेले तर हा पायऱ्यांवर बसून माकडांना स्वतःचा डबा खाऊ घालतोय. वर बाबांना म्हणतो कसा, 'इतक्या लवकर कशाला आलात?'"

रेणू इतकी हसली की प्लास्टरमधला पाय ठणकला. "हे मला कधी बोलले नाहीत ते."

"मीच बजावलं होतं, बायकोला सांगू नको म्हणून. लग्न मोडायचं एखाद वेळी."

तेवढ्यात डॉना तिघींची जेवणाची ताटं एका ट्रेमध्ये घेऊन आल्या. रेणूने त्यांचा हात धरला आणि आज आईंना नेल्याबद्दल, त्यांचं सगळं ऐकून घेतल्याबद्दल आभार मानले. डॉना म्हणाल्या, "माझंही त्यांनी ऐकलं की. मी तर आज खूप दिवसांनी कुणाशी तरी पोटभर बोलले." मग त्यांनी आईंकडे बघून विचारलं, "हो ना?"

आईंनी मान हलवली आणि ताटातला भाकरीसारखा मक्याचा गरम टॉर्टिया मोडून अर्धा त्यांच्या ताटात ठेवला.