पहिले दोन खळगे

“दोन नाही, बारा खळगे लावा,” डॉ. चारुशीला म्हणाल्या, आणि गिरिधरचं टाळकंच सटकलं.

या बाईला नागपुरात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते; गिरिधर कॉलेजच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं रक्त तपासत होता. थायरॉईडच्या तपासणीला मेंढीच्या तांबड्या पेशी लागत, आणि त्या रक्तासाठी कसायाच्या विनवण्या त्यालाच कराव्या लागत. म्हणून त्यानेच रीत पाडली होती. तपासणीच्या तबकडीतल्या बारा खळग्यांपैकी पहिले दोनच भरायचे. पेशी तळाशी ठिपका होऊन बसल्या की ‘दोष नाही’ लिहून मोकळं व्हायचं.

“मॅडम, एवढ्या पेशी कुठून आणू? आता मी का मेंढ्या पाळू?”

“प्रतिपिंडं फारच जास्त असली तर पहिल्या खळग्यांत त्यांचीच गर्दी होते. गुठळ्या जमत नाहीत, ठिपकाच दिसतो. पुढच्या खळग्यांत रक्तजल पातळ करत गेलं की खरं काय ते कळतं.”

“पण आपल्याच गळ्यातल्या ग्रंथीवर ती उठतात काहून?”

“प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी आपल्या साच्यात बारीक बारीक बदल करत राहतात. जंतूवर पकड घट्ट बसावी म्हणून. त्या बदलांत कधी चूक होते आणि पकड आपल्याच ग्रंथीवर बसते. मग दर बदलाला ती आणखी घट्ट होत जाते.”

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं, असं पुटपुटत गिरिधरने एका जुन्या रुग्णाचं रक्तजल बारा खळग्यांत लावलं. दुपारी पाहिलं तर पहिल्या दोन खळग्यांत ठिपके, आणि तिसऱ्यापासून अकराव्यापर्यंत गुठळ्याच गुठळ्या.

त्याला बायको आठवली.

वर्षभर पंचफुला बसल्या जागी पेंगायची. तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, तव्यावर भाकर करपलेली. त्याने स्वतः तिचं रक्त तपासलं होतं. दोन खळगे, दोन ठिपके. ‘हा सूर्य, हा जयद्रथ’ म्हणत त्याने रिपोर्ट आईपुढे धरला होता आणि बिमारी नाही, निव्वळ कामचोरपणा आहे, असं सांगून टाकलं होतं. तेव्हापासून पंचफुलाने थकल्याचं कधी तोंडातून काढलं नाही. शेवटी वैतागून त्यानेच तिच्या भावाला पत्र टाकलं होतं, हिला कायमची माहेरी, कुहीला घेऊन जा म्हणून. तो आज संध्याकाळी येणार होता.

तिचं रक्तजल अजून फ्रीजमध्ये होतं. गिरिधरने बाराही खळगे लावले आणि स्टुलावर बसून राहिला. तिसऱ्या खळग्यापासून पार बाराव्यापर्यंत गुठळ्या होत्या.

“उद्याच घेऊन या त्यांना,” रक्त त्याच्या बायकोचं आहे हे कळल्यावर चारुशीलाबाई म्हणाल्या. “गोळ्यांनी हळूहळू बरं वाटेल.”

तो सायकल दामटत घरी पोचला, तेव्हा पंचफुला ट्रंकेला कुलूप लावत होती. तिचा भाऊ कवडू दारात उभा होता. आई, अंजनाबाई, चुलीपाशी होती.

“तुले बिमारी आहे वं,” गिरिधर धापा टाकत म्हणाला. “मी अर्धंच तपासलं होतं. माही चूक झाली.”

पंचफुलाने कुलूप तसंच सोडलं.

“म्हणजे मी कामचोर नव्हती?”

“नव्हती.”

“मले तर पटलं होतं जी. वर्षभर मीच मले शिव्या देऊन राहिली होती.” मग ती थांबून म्हणाली, “हे मले नका सांगू. मायले सांगा. मोठ्यानं सांगा.”

गिरिधरने चुलीकडे तोंड करून सगळं पुन्हा सांगितलं. अंजनाबाईने चुलीतलं लाकूड आत सारलं. कवडूने मान खाली घातली.

“आता राहा,” गिरिधर म्हणाला. “उद्या दवाखान्यात जाऊ.”

“दवाखान्यात येईन ना. कवडूसंग येईन.”

तिने वाकून सासूच्या पायाला हात लावला. उठताना तोल जायला लागला तसा गिरिधरने हात पुढे केला. तिने भिंत धरली, दम घेतला, आणि आपली आपण उभी राहिली.