कोपर सुटलं तेव्हा

मी पहारेकरी बोलतोय. खराखुरा नव्हे हो, लाकडी. उंची तुमच्या गुडघ्याएवढी, मिशा घोड्याच्या केसांच्या, आणि अंगाला दोऱ्याच दोऱ्या. बाहुल्यांच्या एका छोट्या नाट्यगृहात माझी नोकरी आहे.

इथेच मागच्या खोलीत, सुताराच्या रंध्याखाली माझा जन्म झाला. डोळे रंगवून वाळले आणि बाबांनी, म्हणजे मला खेळवणाऱ्यांनी, दोऱ्या धरून मला पहिल्यांदा उचललं. त्यांच्या बोटांची हालचाल माझ्या अंगात उतरली आणि चक्क माझा पाय पुढे पडला! लाकडाला चालता येतं, याचं नवल मला अजून ओसरलेलं नाही.

माणसं मात्र आमचं नाव शिवीसारखं वापरतात. "तो काय, बायकोच्या हातातलं बाहुलं!" आमच्याकडे दिवे सांभाळणारा गडी सध्या इंग्रजीच्या वर्गाला जातो. तो सांगत होता की इंग्रजीत असा माणूस कुणाच्या तरी अंगठ्याखाली असतो, नाहीतर करंगळीभोवती गुंडाळलेला असतो. मी थक्कच झालो. अख्खा माणूस करंगळीभोवती? आम्हाला निदान दोऱ्या तरी असतात!

मग त्याने आवाज खाली आणला. "आपल्या ताईचं तरी दुसरं काय आहे?"

ताई म्हणजे बाबांची मुलगी. बाबांनी तिला मागे उभं राहून, तिचं कोपर धरून शिकवलं. ती शिकली, मोठी झाली, लग्न झालं, पण बाबांनी कोपर काही सोडलं नाही. प्रत्येक खेळाला पडद्यामागच्या उंच फळीवर दोघं उभी. माझ्या दोऱ्या तिच्या हातात आणि तिचं कोपर त्यांच्या. तिला थांबायचं असे, त्यांना पुढे जायचं असे, आणि ठेच लागायची मला.

शेवटी नाट्यगृहाच्या मालकीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "ताई, उद्याचा खेळ एकटीने कर. जमलं नाही तर पहारेकरी दुसऱ्या कुणाकडे देईन."

ताई जेवलीसुद्धा नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी बाबा सवयीने मागे येऊन उभे राहिलेच. खेळ रंगला आणि अवघड जागा आली: पहारा देऊन दमलेला पहारेकरी स्टुलावर बसतो. आमच्या धंद्यात चालवण्यापेक्षा बसवणं कठीण. दोऱ्या ताणलेल्या राहिल्या तर मी अधांतरी दिसतो, एकदम सोडल्या तर कोसळतो.

"बाबा, कोपर सोडा," ताई कुजबुजली.

"अगं, पडेल तो!"

"पडू दे. सोडा तुम्ही."

कोपर सुटलं. मला ते दोऱ्यांतून कळलं. ताईने काहीच ओढलं नाही. माझं वजन कुठे झुकतंय ते ती जणू मलाच विचारत राहिली. मग दोऱ्या हलकेच सैल झाल्या आणि मी माझ्याच भाराने बसलो. समोरून एक मोठा सुस्कारा ऐकू आला. माझा दमलेला श्वास सगळ्या प्रेक्षकांनी सोडला होता. दोरी धरणारा हात इतकं ऐकून घेऊ शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या लाकडावर काटा आला.

माझी मान मागे कलली तेव्हा वर बाबा दिसले. त्यांचा हात तसाच हवेत होता, रिकामा. मग ते गुपचूप शिडी उतरले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. माझं तोंड त्यांनी किती वेळा पुसलं असेल, पण खेळात मला समोरून कधी पाहिलं नव्हतं. वरून फक्त माझी टोपी दिसायची.

"अरे, किती दमलाय हा!" ते शेजारच्या आजींना म्हणाले आणि डोळे पुसू लागले.

मी ताईकडेच राहिलो. आता माझा रंग उडालाय, एक मिशी विरळ झालीय. बाबा अजून प्रत्येक खेळाला येतात. मी बसायला लागलो की त्यांची बोटं मांडीवरून जराशी उचलली जातात आणि माझ्याबरोबर हळूच खाली टेकतात. कधी त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली, तर कृपा करून हसू नका.