परमनंट जावई

जावई कसा असावा, याबद्दल चिखलीच्या बबनरावांचं एकच म्हणणं होतं. परमनंट असावा. रंग, उंची, स्वभाव हे सगळं पुढचं पुढं. स्वतः त्यांनी जवानी कॉन्ट्रॅक्टवर काढली होती, दर सात महिन्यांनी ब्रेक खाऊन घरी बसले होते, आणि कंपनीनं कायम केलं त्या दिवशी पेढे वाटताना रडले होते. त्यामुळं स्वरूपासाठी आलेली चांगली चांगली स्थळं त्यांनी याच एका कारणावरून परतवून लावली. पोरगी मुकाट लावू देत होती. का लावू देत होती, ते गेल्या दिवाळीत कळलं. दापोडीच्या आम्रपालीबरोबर ती मोशीला राहत होती आणि जन्मभर राहणार होती. मैत्रीण म्हणून नाही, संसार म्हणून.

"हे परदेशातलं फॅड आहे," बबनराव म्हणाले.

"परदेशातून आला होता तो याला गुन्हा म्हणणारा कायदा, बाबा. इंग्रजांनी आणला. आपल्या कोर्टानं दोन हजार अठराला मोडला."

"मग लग्नाची नोंद करून दाखव."

तेवढं मात्र तिला दाखवता येईना, कारण ते कोर्टानं दिलेलं नव्हतं. बबनरावांना वाटलं, जिंकलो. ते म्हणाले, "म्हणजे कॉन्ट्रॅक्टच की. आज आहे, उद्या ब्रेक."

स्वरूपानं बॅग उचलली. "जिला कॉन्ट्रॅक्ट म्हणताय तिला या घरात मान द्याल, तेव्हाच येईन," म्हणाली आणि गेली ती गेलीच. दर रविवारी आईला फोन करायची. तेवढ्या वेळापुरता बबनराव टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि नजर मात्र पडद्यावर ठेवायचे. पोरीची आठवण यायची हो त्यांना, फार यायची. पण तसं म्हणणार कोण?

अशात अधिक महिना आला. खालच्या मजल्यावरच्या मारुतरावांनी जावयाला धोंड्याचं जेवण घातलं, फोटो दाखवत सगळी सोसायटी फिरले. बबनराव चेहरा पाडून घरी आले तर सावित्रीबाई डाळ निवडत होत्या.

"रविवारी दोघींना बोलावलंय. धोंडे करते."

"अगं, धोंडा जावयाला असतो."

"मग जावयाचं कापड घेऊन या. रिकाम्या हातानं का वाढू मी?"

"लोक काय म्हणतील?"

"आमच्या गावात मंजुळाबाई न् तिची मैतरीण म्हातारपणापर्यंत एका चुलीवर जेवल्या. हळदीकुंकवाला दोघींना मिळून एकच बोलावणं जायचं. लोकांजवळ त्याला शब्द नव्हता, म्हणून वाण काही कुणी थांबवलं न्हाई."

बबनराव दुकानात गेले खरे, पण तिथं काय मागायचं हेच ठरेना. दुकानदारानं विचारलं, कुणासाठी? यांच्या तोंडून सवयीनं निघालं, "जावयासाठी." झालं. पॅंटपीस, शर्टपीस, टॉवेल, टोपी, सगळं बांधून हातात. साडी द्या म्हणायचं तर मग सगळाच खुलासा करावा लागला असता. त्यापेक्षा पिशवी घेऊन निघणं सोपं होतं.

रविवारी दोघी आल्या. स्वरूपा आईच्या गळ्यात पडली, बापाला नुसतं "बरे आहात ना" म्हणाली. आम्रपाली पाटाच्या कडेला अवघडून बसली.

"आमच्यात धोंडा नसतो, काकू. काय करायचं असतं?"

"खायचं असतं," सावित्रीबाईंनी तुपाची वाटी कलंडली. "तुमच्यात काय म्हणतात गं, तुमचं दोघींचं कळल्यावर?"

"आईनं विहारात भन्तेजींना विचारलं. ते म्हणाले, पोरी कुणाला दुखवत नाहीत ना, मग झालं. वस्तीत नावं ठेवतात, पण नावं सगळ्याच धर्मांत ठेवतात, काकू. त्यात कुणी मागं नाही."

बबनरावांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. मग नाइलाजानं पिशवी पुढं सरकवली. आतून शर्टपीस निघाला आणि पाठोपाठ टोपी. सावित्रीबाईंनी कपाळावर हात मारला. स्वरूपाचा चेहरा उतरला, तिला वाटलं बापानं थट्टा केली.

"चुकून..." बबनराव चाचरले. "म्हणजे, दुकानदारानं..."

आम्रपालीनं टोपी डोक्यावर चढवली. "काका, मी कंपनीत रोज शर्ट-पॅंटच घालते. दोन शर्ट विटलेत, तुम्हाला कसं कळलं?"

"आता जावयानं रुसायचं असतं," सावित्रीबाई म्हणाल्या. "सासऱ्यानं विचारल्याशिवाय घास घ्यायचा नाही."

आम्रपालीनं ताट पुढं ढकललं, टोपी सरळ केली आणि गप्प बसली. स्वरूपा बापाकडं बघत होती, दिवाळीनंतर पहिल्यांदा. बबनरावांनी घसा साफ केला.

"काय पाहिजे?"

तेवढ्यात पुरणाच्या वासावर मारुतराव उघड्या दारात येऊन उभे. "काय बबनराव, पाहुणे कोण?"

आम्रपाली हळूच म्हणाली, "हेच पाहिजे, काका. त्यांना काय सांगता ते."

बबनराव उठले. दारापर्यंत चारच पावलं होती. मैत्रीण म्हणावं, रूममेट म्हणावं, दोन्ही शब्द जिभेवर तयार होते. त्यांनी मागं पाहिलं. पोरीनं पदरासारखी ओढणी मुठीत धरली होती, लहानपणी इंजेक्शनच्या वेळी फ्रॉक धरायची तशी.

"जावई आलेत आमचे," बबनराव म्हणाले. "धोंड्याला."

मारुतरावांनी मान लांब करून आत पाहिलं. पाटावर स्वरूपा, शेजारी टोपी घातलेली मुलगी. त्यांनी दोनदा पाहिलं. जन्मभर लोकांच्या जावयांची चौकशी केलेला माणूस, त्याला दुसरं काही सुचेना.

"कुठं असतात कामाला?"

"चाकणला."

"परमनंट का?"

बबनरावांनी पोरीकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांच्याही.

"परमनंट," ते म्हणाले, आणि वळून आम्रपालीला म्हणाले, "घ्या, जेवा आता. तूप गार होतंय."