रंग्याची कॅप्सूल

त्या सकाळी हरणाबाईच्या पायाला भिंगरी लागली होती. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून मेंढरांपर्यंत आणि परत चुलीकडं. मुठीत रंग्याची कॅप्सूल होती आणि आज ती रंग्याला द्यायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. ठरवलं की माणूस निवांत होतं म्हणतात. तिला तर एका जागी बसवत नव्हतं.

नवरा अर्जुना आणि कुत्रा रंग्या, दोघांच्याही मेंदूत गाठ. जतच्या एवढ्या माळावर देवाला दुसरं घर सापडलं नव्हतं. अर्जुनाचं मिरजेला ऑपरेशन झालं, पण गाठ परत धरणार, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आणि धरलीच. उजवा हात लुळा पडला, शब्द हरवले, परवा तर त्यानं बायकोलाच तिचं नाव विचारलं.

रंग्याला झटके यायचे, मग तो गोल गोल फिरत राहायचा. त्याला तपासणाऱ्या डॉक्टर दीपाली एका नव्या औषधाची चाचणी घेत होत्या. त्यांनी नीट समजावलं होतं. उंदरांच्या मेंदूत गाठ वाढवून औषध आधी त्यांना दिलं. पण उंदरांची गाठ आपण लावलेली. कुत्र्याला ती माणसासारखी आपोआप होते, म्हणून आता कुत्री. त्यांना मानवलं तर मग माणसं. 'मग' म्हणजे कवा, असं हरणाबाईनं विचारलं. काही वर्षं जातील, असं उत्तर आलं. माणसाला हे चुकूनही देऊ नका, असंही त्यांनी बजावलं.

ती कॅप्सूल सुरू झाली आणि रंग्याचे झटके थांबले. तो पुन्हा मेंढरांमागं धावू लागला. हरणाबाईला आनंद व्हायचा, तर तिचा जळफळाटच झाला. कुत्र्यानं उड्या मारायच्या आणि धन्यानं झिजायचं, हा कुठला न्याय?

शेवटी तिनं कॅप्सूल फोडली. कुस्करलेल्या भाकरीत गूळ-तूप घालून, त्यात ती पूड मिसळून एक मुटका वळला आणि अर्जुनाच्या ताटात भाकरीवर ठेवला. रंग्या दारातून बघत होता. चोराच्या मनात चांदणं. तिनं त्याच्याकडं पाठ केली.

अर्जुनानं डाव्या हातानं मुटका उचलला. आणि त्यानं तो रंग्यापुढं टाकला.

लग्न झाल्यापासून ती हेच बघत आली होती. टँकर आला की पहिली बादली मेंढरांची, ताट वाढलं की पहिला घास कुत्र्याचा. गाठीनं बायकोचं नाव खाल्लं, पण हे तेवढं शाबूत ठेवलं होतं. आणि नेमकं हेच ती विसरली होती.

"आवं, ते तुमचं व्हतं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. हुंदके देत तिनं सगळं सांगून टाकलं.

अर्जुना बराच वेळ शब्द शोधत राहिला. रंग्यानं जमीन चाटून साफ केली.

"आदी त्येचं," तो म्हणाला. मग थांबून, "मग आपलं."

डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या होत्या. त्या 'मग'पर्यंत अर्जुना राहणार नाही, हे तिला कळत होतं. त्यालाही कळत असावं. ती सकाळपासून पहिल्यांदाच खाली बसली, ताटातली भाकरी दुधात कुस्करली आणि त्याला भरवायला लागली.